कातरलेले चित्र आणि मागे उरलेले शेपूट

प्रति,
राज्यातील शासकीय व निमशासकीय कार्यालये, महानगरपालिका, जिल्हा परिषदा आणि विद्यापीठे यांच्या संकेतस्थळांचे काम पाहणारे अधिकारी व कर्मचारी यांस

विषय : चित्रसंपादन सॉफ्टवेअरमधील २०२३ साली उघड झालेल्या त्रुटीमुळे जुन्या पीएनजी (चित्राच्या फाईलचा एक प्रकार) चित्रांत राहून गेलेली माहिती काढून टाकण्याबाबत

महोदय, महोदया,

स. न. वि. वि.

मी गेली २२ वर्षे पुण्यात डीटीपीचे काम करते. सुरुवातीला लग्नपत्रिका आणि वार्षिक अहवाल असत. पुढे संस्थांच्या संकेतस्थळांसाठी मार्गदर्शिका तयार करण्याचे काम येऊ लागले. ‘अर्ज कसा भरावा’ अशा शीर्षकाच्या त्या मार्गदर्शिका आपल्या परिचयाच्याच आहेत : प्रत्येक पायरीला एक स्क्रीनशॉट, त्यावर लाल चौकट आणि खाली दोन ओळींची सूचना. या स्क्रीनशॉटसाठी पुष्कळदा खराच अर्ज उघडावा लागतो, कारण लुटुपुटीचा अर्ज भरून पाहण्याची सोय पोर्टलवर नसते. मग ज्याचा अर्ज आहे त्याचे नाव, मोबाइल क्रमांक किंवा बँक खाते दिसू नये म्हणून चित्र कातरायचे, हवा तेवढाच भाग ठेवायचा, ‘सेव्ह’ दाबायचे आणि पुढच्या पायरीकडे वळायचे. हे मी शेकडो वेळा केले आहे. मार्च २०२३ मध्ये मला कळले की त्यांतील काही चित्रांत मी कातरून टाकलेला भाग फाईलच्या पोटात तसाच राहिला होता, आणि ती फाईल ज्याच्या हाती पडेल त्याला तो पुन्हा बाहेर काढता येत होता. अशीच चित्रे आपल्या संकेतस्थळांवरही असण्याची मोठी शक्यता आहे, म्हणून हे पत्र.

ज्या त्रुटीविषयी मी लिहीत आहे तिला तिच्या शोधकांनी ‘अक्रॉपलिप्स’ असे नाव दिले. ‘क्रॉप’ आणि प्रलय या अर्थाचा इंग्रजी शब्द यांची ती सांगड आहे. नाव भडक आहे, पण लक्षात राहते. सायमन आरन्स आणि डेव्हिड ब्यूकॅनन या दोघांनी जानेवारी २०२३ च्या सुरुवातीला ती गूगलला कळवली. गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये स्क्रीनशॉट कातरण्यासाठी व त्यावर रेघोट्या मारण्यासाठी ‘मार्कअप’ नावाचे साधन असते, त्यात हा दोष होता. गूगलने मार्चच्या सुरक्षा-अपडेटमध्ये तो दुरुस्त केला आणि त्यानंतर त्याचा तपशील जाहीर झाला. सीव्हीई-२०२३-२१०३६ हा सॉफ्टवेअर-त्रुटींच्या जागतिक सामाईक यादीतला त्याचा नोंदणी क्रमांक. आपल्याकडे पिक्सेल फोन वापरणारे तुलनेने थोडे, त्यामुळे बातमी इथवरच राहिली असती तर मला हे पत्र लिहावे लागले नसते. पण काही दिवसांतच क्रिस ब्लूम या सॉफ्टवेअर अभियंत्याच्या ध्यानात आले की विंडोज ११ मधील ‘स्निपिंग टूल’ हे स्क्रीनशॉटचे साधन नेमके तेच करते, आणि पाठोपाठ विंडोज १० मधील ‘स्निप अँड स्केच’चीही तीच गत असल्याचे स्पष्ट झाले. त्याचा क्रमांक सीव्हीई-२०२३-२८३०३. मायक्रोसॉफ्टने मार्च संपण्यापूर्वी दुरुस्ती दिली. विंडोज कोणत्या कार्यालयात नाही?

दोष काय होता हे समजण्यासाठी कॅसेटचे दिवस आठवावेत. साठ मिनिटांची एक बाजूभर भजने भरलेली कॅसेट आपण घेतो आणि तिच्यावर सुरुवातीपासून दहा मिनिटांचे भाषण रेकॉर्ड करतो. भाषण संपते, क्षणभर खरखर होते आणि मधूनच जुने भजन सुरू होते. नव्या रेकॉर्डिंगने जेवढी फीत व्यापली तेवढेच जुने पुसले गेले. उरलेल्या फितीला कुणी हातही लावलेला नसतो. त्रुटी असलेल्या साधनांत हेच घडत होते. मूळ स्क्रीनशॉटची फाईल समजा आठशे किलोबाइटची आहे आणि कातरलेल्या चित्राला दोनशे किलोबाइट पुरतात. ‘सेव्ह’ केल्यावर नवे चित्र जुन्या फाईलच्या पहिल्या दोनशे किलोबाइटवर लिहिले जाई आणि मागचे सहाशे किलोबाइट जसेच्या तसे राहात. फाईलचा आकार कमी होत नसे. खरे तर एवढी एक खूणही जागरूक माणसाला पुरेशी होती, पण कातरलेल्या चित्राचा आकार तपासायला कोण जातो? मीही गेले नाही.

चित्र उघडल्यावर हा जुना भाग दिसत कसा नाही, हा पुढचा प्रश्न. पीएनजी फाईल तुकड्यातुकड्यांनी बनलेली असते. आरंभी ओळख पटवणारे आठ बाइट, मग लांबी-रुंदी सांगणारा तुकडा, मग प्रत्यक्ष चित्राची दाबून भरलेली माहिती आणि सर्वांत शेवटी ‘आयईएनडी’ नावाचा समाप्तीचा तुकडा. चित्र दाखवणारा कोणताही प्रोग्राम समाप्तीपर्यंत पोहोचला की थांबतो. पुढे काही असले तरी तो त्याकडे पाहात नाही. कीर्तनाची समाप्ती झाल्यावर लोक उठून जातात, मागे मंडपात कोण काय बोलत बसले आहे याची चौकशी करीत नाहीत, तसेच हे. म्हणून डोळ्यांना चित्र निर्दोष दिसते, मुद्रित केले तरी निर्दोष येते आणि तपासणाऱ्या वरिष्ठांनाही निर्दोषच वाटते.

पिक्सेलच्या बाबतीत या सगळ्याचे मूळ एका अक्षरात होते. अँड्रॉइडवर फाईल लिहिण्यासाठी उघडताना प्रोग्रामर ‘डब्ल्यू’ हे अक्षर देतो. पूर्वी त्याचा अर्थ ‘आधीचे सगळे काढून टाक आणि लिहायला घे’ असा होता. अँड्रॉइड १० पासून अर्थ बदलून नुसताच ‘लिहायला घे’ असा झाला. आधीचे काढून टाकायचे असेल तर पुढे ‘टी’ हे आणखी एक अक्षर जोडणे गरजेचे झाले. ज्यांनी ‘मार्कअप’ लिहिले त्यांच्यापर्यंत हा बदल पोहोचला नाही. कोणाचे दुष्ट हेतू नव्हते, कोणी हल्लेखोर नव्हता. पाटी पुसून लिहायची की तशीच लिहायची याबद्दल एकाच कंपनीच्या दोन विभागांत गैरसमज झाला, एवढेच. सरकारी कामकाजाची माहिती असलेल्या कोणालाही यात फारसे नवल वाटू नये, असे मी नम्रपणे म्हणते.

आता कोणी म्हणेल की मागे राहिलेला तो भाग अर्धवट आणि दाबलेल्या स्वरूपातला असतो, त्याचे डोके उडालेले असते, मग त्यातून चित्र कसे मिळणार? सुरुवातीला तज्ज्ञांनाही हे अवघड वाटावे असेच होते, आणि माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग हाच आहे. पीएनजीमधील माहिती दाबण्याची पद्धत कार्यालयीन टिपणीसारखी चालते. आपण एकदा योजनेचे लांबलचक नाव लिहितो आणि पुढे सर्वत्र ‘उपरोक्त योजना’ म्हणतो. ती पद्धतही एकदा आलेला मजकूर पुन्हा आला की ‘इतके मागे जा आणि इतका मजकूर उचल’ एवढेच लिहून ठेवते. मागे जाण्याची मर्यादा ३२ किलोबाइटची. टिपणीचे पहिले पान हरवले तर दुसऱ्या पानावरचे ‘उपरोक्त’ कशाला उद्देशून आहे हे कळणार नाही. पण चौथ्या-पाचव्या पानावरचे बहुतेक ‘उपरोक्त’ हे दुसऱ्या-तिसऱ्या पानांना उद्देशून असतात, आणि ती पाने हाती असतात. शिवाय ही माहिती गठ्ठ्यागठ्ठ्यांनी लिहिलेली असते आणि प्रत्येक गठ्ठ्याच्या सुरुवातीला तो वाचण्याची किल्ली दिलेली असते. ब्यूकॅनन यांनी उरलेल्या भागातल्या एकेका बिटपासून वाचायला सुरुवात करून पाहणारा प्रोग्राम लिहिला. कुठेतरी गठ्ठ्याची खरी सुरुवात सापडते, किल्ली जुळते, आणि तिथून खालचे चित्र उलगडत जाते. वरचा काही भाग गेलेला असतो, मधे थोडा कचरा येतो आणि खाली स्वच्छ चित्र उभे राहते. मूळ चित्राची रुंदी माहीत असावी लागते, पण पूर्ण पडद्याच्या स्क्रीनशॉटची रुंदी ओळखायला कितीसे डोके लागणार? कार्यालयांतील मॉनिटर बहुधा १३६६ किंवा १९२० ठिपक्यांच्या रुंदीचे असतात.

त्रुटी जाहीर झाली त्या आठवड्यात मी माझ्या संगणकावरचे मार्गदर्शिकांचे जुने फोल्डर उघडले. एका संस्थेसाठी केलेल्या कामातल्या १९ चित्रांत समाप्तीच्या तुकड्यापुढे मजकूर सापडला. सार्वजनिक झालेल्या साधनाने त्यांतील काहींचा उलगडा झाला नाही, काहींत केवळ विंडोजची खालची पट्टी आणि घड्याळ दिसले, ज्याचे हसू आले. एका चित्रात मात्र एका अर्जदार बाईंचे बँक खाते, आयएफएससी आणि मोबाइल क्रमांक असा पडद्याचा संपूर्ण खालचा अर्धा भाग उघडा झाला. तो भाग मी स्वतःच्या हाताने कातरला होता. ते चित्र त्या वेळी वर्षभराहून अधिक काळ सार्वजनिक संकेतस्थळावर होते. मी संस्थेला त्याच दिवशी कळवले, चित्रे बदलून दिली, आणि ‘चित्र तर बरोबरच दिसते आहे’ असे उत्तर आले. पुढचे दोन आठवडे ते चित्र का बदलायचे हे समजावण्यात गेले.

त्या उत्तराबद्दल माझ्या मनात राग नाही. चित्र खरोखरच बरोबर दिसत होते. पण या त्रुटीचे वेगळेपण तेथेच आहे, आणि ते आपण नीट लक्षात घ्यावे अशी माझी विनंती आहे. एरवी सॉफ्टवेअरमध्ये भोक सापडते, कंपनी दुरुस्ती देते, आपण अपडेट करतो आणि प्रकरण संपते. येथे अपडेट केल्याने पुढची चित्रे सुरक्षित होतात. आधी तयार होऊन बाहेर गेलेल्या चित्रांत काडीचाही फरक पडत नाही. सॉफ्टवेअर बरे झाले, चित्रे आजारीच राहिली. ती चित्रे गूगलच्या किंवा मायक्रोसॉफ्टच्या हाती नाहीत, आपल्या सर्व्हरवर आहेत, आणि म्हणून उरलेले काम आपल्यावाचून दुसरे कोणी करू शकत नाही. बाहेर पडलेल्या मालाची जबाबदारी कंपन्या किती घेतात याचा अनुभवही फार उत्साहवर्धक नाही : मे २०१२ मध्ये फोटोशॉप सीएस५ मधील गंभीर त्रुटींवर अडोबीने आधी ‘पैसे भरून सीएस६ घ्या’ हाच मार्ग सुचवला होता, आणि ग्राहकांनी ओरड केल्यावर जुन्या आवृत्तीसाठी दुरुस्ती देण्याचे कबूल केले.

भीतीचा बागुलबुवा उभा करणे हा माझा हेतू नाही, म्हणून या त्रुटीच्या मर्यादाही सांगते. मायक्रोसॉफ्टने तिची तीव्रता ‘कमी’ ठरवली आहे आणि त्यामागे कारण आहे. स्क्रीनशॉट काढून फाईलमध्ये जतन केला, नंतर तोच त्या साधनात कातरून त्याच नावाने पुन्हा जतन केला, तरच जुन्या फाईलचे शेपूट मागे राहते. जतन न करता थेट ईमेलमध्ये किंवा वर्डमध्ये चिकटवला तर राहात नाही. विंडोज १० मधील मूळचे जुने ‘स्निपिंग टूल’ या दोषापासून मुक्त होते. कातरलेल्या चित्राची फाईल जुन्याइतकीच किंवा तिच्याहून मोठी झाली तर मागे काहीच उरत नाही. अनेक समाजमाध्यमे चढवलेले चित्र स्वतःच नव्याने घडवतात, त्यामुळे ट्विटरसारख्या ठिकाणी शेपूट गळून जाते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेले चित्रही नव्याने दाबले जाते. पण आपल्याकडे ‘क्वालिटी जाते’ म्हणून चित्रे ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवण्याची पद्धत रुळली आहे, आणि तसे पाठवले की फाईल शेपटासकट जशीच्या तशी पुढे जाते. संकेतस्थळावर चढवलेली फाईलही बहुतेक ठिकाणी जशीच्या तशीच ठेवली जाते. ‘कमी तीव्रता’ हा शिक्का एका संगणकाला असलेल्या धोक्याचे मोजमाप आहे. ज्या खात्याकडे हजारो नागरिकांच्या कागदपत्रांचे स्क्रीनशॉट काही वर्षे जमा होत आले आहेत, त्या खात्याचा धोका त्या शिक्क्याने मोजता येत नाही.

तेव्हा काय करावे? सर्वप्रथम संकेतस्थळावरील सर्व पीएनजी फायलींची छाननी व्हावी. हे काम माणसाने चित्रे उघडून करायचे नाही. संगणक कक्षातील कोणीही जाणकार एका दुपारी यासाठी छोटी स्क्रिप्ट लिहू शकेल. तिच्यात एक सापळा मात्र आहे आणि तो मी स्वतः अनुभवला. फाईलच्या अगदी शेवटी समाप्तीचा तुकडा आहे की नाही एवढेच पाहिले तर प्रत्येक फाईल निर्दोष ठरते, कारण उरलेल्या शेपटाच्या टोकाला जुन्या चित्राची समाप्ती असतेच. म्हणून फाईल सुरुवातीपासून तुकड्यातुकड्याने वाचत जावे, पहिली समाप्ती कुठे येते ते पाहावे आणि तिच्यापुढे एक बाइट जरी असला तरी फाईल बाजूला काढावी. समाप्तीपुढे मजकूर असण्याची इतर निरुपद्रवी कारणेही असू शकतात. तरीही अशी प्रत्येक फाईल नव्याने घडवून घेण्यात तोटा काहीच नाही. केवळ संकेतस्थळाच्या चित्रांच्या फोल्डरवर थांबू नये. मार्गदर्शिकांच्या झिप फायली, प्रशिक्षणाची सादरीकरणे, निविदांना जोडलेली परिशिष्टे आणि तक्रार निवारण पोर्टलवर नागरिकांनी स्वतः चढवलेले स्क्रीनशॉट हे सारे पाहावे. या शेवटच्या प्रकाराकडे विशेष लक्ष हवे, कारण ‘पैसे कापले गेले पण पावती आली नाही’ अशी तक्रार करताना माणूस यूपीआयचा स्क्रीनशॉट कातरूनच जोडतो, आणि तो ज्या विश्वासाने कातरतो त्याला आपण बांधील आहोत.

सापडलेली फाईल धुण्याची रीत सोपी आहे : चित्र उघडावे, नव्या नावाने जतन करावे, नवी फाईल पुन्हा त्याच स्क्रिप्टने तपासावी आणि जुनी सर्व्हरवरून तसेच सार्वजनिक बॅकअपमधून काढून टाकावी. त्याच नावाने फाईल बदलली तर मधल्या कॅश सर्व्हरवर (फायलींच्या प्रती तात्पुरत्या साठवणाऱ्या सर्व्हरवर) जुनी प्रत काही काळ राहू शकते. तीही काढून घेण्यास सेवापुरवठादाराला लेखी कळवावे.

फायली संख्येने जास्त असतील तर त्या सर्व्हरवरच एकगठ्ठा धुण्याचा मोह होईल आणि त्यासाठी बहुधा ‘इमेजमॅजिक’ हे मुक्त सॉफ्टवेअर वापरले जाईल. ते उत्तम साधन आहे, मी रोज वापरते. पण त्याचा स्वतःचा इतिहास ठाऊक असल्यावाचून ते सार्वजनिक सर्व्हरवर मोकळे सोडू नये. मे २०१६ मध्ये उघड झालेल्या ‘इमेजट्रॅजिक’ या त्रुटीत चित्राचे सोंग घेतलेली मजकुराची फाईल चढवली की सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवता येत असे. पुढे २०२३ च्या सुरुवातीला सीव्हीई-२०२२-४४२६८ ही दुसरी त्रुटी समोर आली, आणि ती आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोलकी आहे : पीएनजीच्या मजकूर-तुकड्यात सर्व्हरवरील एखाद्या फाईलचा पत्ता लिहून ते चित्र चढवायचे, पोर्टलने चित्र लहान करून परत दिले की त्या फाईलमधला मजकूर लहान झालेल्या चित्राच्या पोटात बसून येतो. भरती आणि प्रवेश परीक्षांच्या अर्जांत ‘फोटो इतक्या केबीचा व स्वाक्षरी इतक्या केबीची’ अशी अट असते आणि काही पोर्टले ते माप स्वतःच करून घेतात, हे लक्षात घेतले तर या दोन त्रुटींचे गांभीर्य सांगावे लागणार नाही. दोन्ही दुरुस्त झालेल्या आहेत. प्रश्न आपल्या सर्व्हरवर कोणती आवृत्ती बसवलेली आहे हा आहे, आणि त्याचे उत्तर ठेकेदाराकडून तोंडी न घेता लेखी घ्यावे. धुण्याचे काम मुख्य सर्व्हरपासून तोडलेल्या संगणकावर, मर्यादित परवानग्या असलेल्या खात्यातून आणि केवळ पीएनजी व जेपीईजी एवढेच प्रकार चालू ठेवून करावे.

कार्यालयातील संगणकांविषयी एक व्यवहारातली अडचण सांगते, जी तांत्रिक बातम्यांत फारशी आली नाही. ही दोन्ही विंडोज साधने नेहमीच्या विंडोज अपडेटमधून नव्हे, तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून अद्ययावत होतात. कर्मचाऱ्यांनी खेळ उतरवू नयेत म्हणून अनेक कार्यालयांत स्टोअर बंद ठेवलेले असते. हेतू चांगला, पण परिणाम असा की विंडोजचे सगळे अपडेट झाल्याचा हिरवा शिक्का दिसत असतानाही स्निपिंग टूल जुनेच राहू शकते. ‘स्निप अँड स्केच’ची १०.२००८.३००१.० आणि ‘स्निपिंग टूल’ची ११.२३०२.२०.० किंवा त्यापुढची आवृत्ती आहे का, हे प्रत्येक संगणकावर एकदा पाहून नोंदवहीत लिहावे.

मार्गदर्शिका तयार करणाऱ्यांसाठी पोर्टलवर काल्पनिक माहितीचे चाचणी-खाते मिळावे, ही माझी व्यवसायबंधूंच्या वतीने मागणी आहे. खरा अर्ज उघडावाच लागला नाही तर कातरायचे काही उरणार नाही. तोवर माहिती झाकताना कातरण्यावर विसंबू नये. आधी खोटी माहिती टंकून मग स्क्रीनशॉट घ्यावा. वर्डमध्ये चित्र कातरल्याने तर मूळ चित्र जाणूनबुजून राखून ठेवलेले असते, आणि ‘कातरलेला भाग काढून टाका’ हा पर्याय वेगळा निवडल्याशिवाय ते कोणालाही मूळ रूपात परत पाहता येते. तो दोष नाही, सोय आहे. पण वर्डची फाईल तशीच संकेतस्थळावर टाकणाऱ्याला हा फरक माहीत असतोच असे नाही. आधारची प्रत मागवताना पहिले आठ अंक झाकलेले मास्क्ड आधार चालेल असे अर्जावर स्पष्ट छापले, तर नागरिकाला स्वतः कात्री चालवण्याची वेळच येणार नाही.

कायद्याचा उल्लेख मी मुद्दाम शेवटी करीत आहे, कारण दंडाच्या धाकाने केलेले काम कागदोपत्री राहते असा माझा अनुभव आहे. तरीही नोंद हवी. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार ज्याच्या ताब्यात नागरिकाची माहिती आहे त्याने तिच्या सुरक्षेसाठी वाजवी उपाय योजणे अपेक्षित आहे, त्यात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद आहे, आणि माहिती फुटल्यास संबंधित व्यक्तीला कळवण्याचे बंधनही त्यात घातलेले आहे. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार माहितीची गळती लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. माझ्या त्या १९ चित्रांपैकी एकात ज्या बाईंची माहिती उघडी होती त्यांना मी स्वतः फोन केला होता. त्यांना ‘पीएनजी’ म्हणजे काय हे माहीत नव्हते, असण्याचे कारणही नव्हते. त्यांनी एवढेच विचारले, “मग आता खाते बदलू का?” या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार माझ्याकडे नव्हता आणि ज्यांच्याकडे होता त्यांनी त्यांना कधी काही कळवले नाही.

म्हणून छाननीबरोबरच आणखी एक गोष्ट व्हावी : प्रत्येक संकेतस्थळावर सुरक्षा-त्रुटी कळवण्यासाठी स्वतंत्र ईमेल पत्ता आणि तो पाहणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम ठळकपणे दिलेले असावे. आज असे काही आढळले तर नागरिकाला ‘संपर्क साधा’ या सर्वसाधारण अर्जात, पाणीपट्टी आणि जन्मदाखल्याच्या तक्रारींच्या रांगेत उभे राहावे लागते. छाननीसाठी मी लिहिलेली स्क्रिप्ट साधी आहे आणि ती कोणत्याही कार्यालयाला विनामूल्य देण्यास, तसेच एक दिवस येऊन चालवून दाखवण्यास मी तयार आहे. सोबत केवळ आपल्या चित्रांच्या फोल्डरची एक प्रत आणि ती तपासण्याची लेखी परवानगी लागेल.

कळावे,

आपली विश्वासू,
एक डीटीपी व्यावसायिक, पुणे